मूर्तीसाठी काळा दगड: शोधायचा कुठे, पारखायचा कसा, आणायचा कसा

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आणि देशावर दगडाला तोटा नाही. पण त्यात मूर्तीकामाला चालेल असा दगड फार थोडा. एकात आत चीर असते, दुसऱ्यात पांढऱ्या खड्यांची गर्दी असते, तिसरा आज घट्ट दिसतो आणि दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होतो. हे दोष लगेच दिसत नाहीत. महिनाभर टाकी चालवून नाक-डोळे उमटायला लागले की ते वर येतात, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून दगड जिथे पडला आहे तिथेच त्याची पारख करायची आणि शंका आली की तो तिथेच सोडायचा. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः बेसाल्टबद्दल, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडाबद्दल आहे. कोकणातल्या जांभ्याचं शेवटी थोडक्यात येईल.

आधी परवानगी

मोकळ्या माळावर पडलेला दगड कुणाचाच नाही, असं समजून लोक उचलायला जातात. तसं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजांवर शासनाचा हक्क असतो आणि बांधकामाचा दगड हा गौण खनिजात मोडतो. विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक केली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होऊ शकते. म्हणून क्रम असा ठेवा: सातबारा पाहून जमीन कुणाची ते समजून घ्या, मालकाची लेखी संमती घ्या, आणि एकदोन दगडांपलीकडे काही न्यायचं असेल तर तहसील कार्यालयाच्या गौण खनिज शाखेत आधी विचारा. गायरान आणि नदीपात्र सरकारी आहेत, तिथे गावातल्या कुणी ‘न्या खुशाल’ म्हटलं तरी त्याला अर्थ नाही. परवानाधारक खाणीतून दगड विकत घेतला तर वाहतूक पास आणि पावती मिळते. पहिल्यांदा दगड आणणाऱ्यासाठी हाच सर्वांत सुटसुटीत मार्ग.

काही जागा पूर्णपणे वर्ज्य. राखीव वनातून दगड काढायला भारतीय वन अधिनियम, 1927 ने मनाई आहे, अभयारण्यात तर प्रश्नच नाही. केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीच्या 100 मीटरच्या पट्ट्यात खोदकाम चालत नाही आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित असतात. गडाच्या तटातून निखळून उतारावर पडलेला घडीव चिरा हासुद्धा त्या गडाचाच भाग आहे. पुढे कधी डागडुजी झाली तर तोच चिरा परत बसवायचा असतो. बांधावर, देवळामागे, पारावर वीरगळ, सतीशिळा किंवा झिजून ओळखू न येणारा कोरीव दगड दिसला तर त्याला हात लावू नका, उलटा करून ठेवू नका, धुऊ नका. दगडाच्या एका अंगाला जरी माणसाच्या हाताची रेष दिसली तरी तो आपला नाही.

दगड कुठे मिळतो

आपल्याकडचा काळा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. थर वाहून आला आणि निवत गेला तेव्हा त्यातले वायू वर सरकले. त्यामुळे थराचा माथा बुडबुड्यांचा, सच्छिद्र. मधला आणि खालचा भाग घट्ट. डोंगर लांबून पाहिला तरी हे वाचता येतं. सरळ उभा कडा असतो तिथे घट्ट बेसाल्ट, आणि दोन कड्यांच्या मधली गवताळ उतरण असते तिथे सच्छिद्र, लवकर कुजणारा थर. दोन थरांच्या सांध्यात कधीकधी विटकरी-लाल मातीचा पट्टा दिसतो. त्याच्या वर-खाली लागून असलेला दगड घेऊ नका, तो बहुधा मऊ पडलेला असतो. कड्याच्या खालच्या अंगाचा दगड चांगला असला तरी तो कड्याच्या पायथ्याशी जाऊन काढायचा नाही. दरडीचा ढिगारा स्थिर दिसतो, पण एक धोंडा हलवला की वरचे दहा सुटतात. कड्यापासून लांब, उतार संपून शेत सुरू होतं तिथे आलेले धोंडे पाहा.

खरी हुकमी जागा म्हणजे शेताचा बांध. नांगरताना, सपाटीकरण करताना काढलेले गोटे पिढ्यान्पिढ्या बांधावर रचलेले असतात. ते कित्येक पावसाळे उघड्यावर राहिलेले, म्हणजे जो कुजायचा तो केव्हाच कुजून गेला आहे. शेतकऱ्यालाही ते नको असतात. मात्र बांध हाच हद्दीची खूण असतो आणि मातीही तोच धरून ठेवतो. रचलेल्या बांधातला दगड ओढून काढायचा नाही, मोकळ्या ढिगातला घ्यायचा.

शेततळं, घराचा पाया, रस्त्याचं रुंदीकरण अशा ठिकाणी पोकलेनच्या ब्रेकरने फोडलेला दगड चांगला मिळतो. विहिरीच्या ढिगाबद्दल मात्र सावध राहा, कारण विहीर बहुतेक वेळा सुरुंगाने खोदतात. खडीच्या खाणीचंही तसंच. सुरुंगाच्या दणक्याने दगडात केसाहून बारीक भेगा सर्व दिशांना पसरतात. दगड हातात घट्ट लागतो, थोडाफार वाजतोही, पण छिन्नी खोल गेली की ढलप्या हव्या त्या जागी न निघता भलतीकडे निघतात. ओळखायची खूण म्हणजे एका अंगाला अर्धगोल सरळ खाच, म्हणजे सुरुंगाच्या छिद्राची अर्धी भिंत, आणि तिच्या आसपास पांढुरके चुरडलेले डाग. अशा खाचेपासून निदान अर्धा मीटर लांबचा भाग वापरायचा, तोही सगळ्या कसोट्या लावून. खाणीत गेलात तर मुकादमाला विचारा की सुरुंग न लावता पाचर मारून काढलेला दगड कुठे आहे. घडीव दगड पुरवणाऱ्या खाणीत तो असतो.

पडलेल्या वाड्याच्या जोत्याचे दगडही उत्तम. त्यांची पारख जुन्या पाथरवटाने एकदा केलेलीच असते. मालकाशी बोलून, मोजून, पावती करून घ्या.

काही भागांत विशेष दगड मिळतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून भिंतीसारखे उभे निघालेले लांबच लांब दगडी कणे दिसतात, त्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. त्यांतला दगड बहुधा जड, एकजिनसी, लांब तुकड्यात मिळणारा आणि पॉलिश घेणारा असतो. याउलट कसारा घाट किंवा मंचरच्या बाजूला काही थरांत फेल्डस्पार या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे पांढुरके स्फटिक असतात. दिसायला सुंदर, मोठ्या अमूर्त आकाराला चालतो, पण चेहरा, बोटं, दागिने यांसाठी घेऊ नका. स्फटिक त्याच्या स्वतःच्या सपाट पातळीवर फुटतो, छिन्नीचं ऐकत नाही.

माळावर अर्धवट पुरलेले गोल धोंडे दिसतात, ज्यांच्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. नवशिके त्यांना कुजका दगड समजून सोडतात. पापुद्रे कुजकेच असतात, पण हातोड्याने ते उतरवत गेलात की आत निळसर-काळा गाभा सापडतो आणि तो बऱ्याचदा त्या माळावरचा सर्वांत निर्दोष दगड असतो, कारण भेगांच्या बाजूने जे झडायचं ते झडून गेलेलं असतं. पापुद्रा सुटणं थांबेपर्यंत उतरवा. शेवटचा पापुद्रा आणि गाभा यांच्यात तपकिरी रंग हळूहळू काळ्यात मिसळत असेल तर अजून अर्धा-एक इंच जायचं आहे, रंग एकदम बदलला तर गाभा आला.

पारख

बरोबर न्यायचं सामान: अर्धा किलोचा हातोडा, दोन किलोचा हातोडा, एक छिन्नी, तारेचा ब्रश, एक जाड खिळा, दहापट दाखवणारं भिंग, खडू, टेप आणि पाच लिटर पाणी. पाणी कमी नेऊ नका, सर्वांत महत्त्वाची कसोटी त्याचीच आहे.

पहिलं काम दगड ब्रशने घासून स्वच्छ करणं. माती आणि दगडफूल यांच्याखाली भेग लपते. मग सर्व बाजूंनी फिरून पाहा. कोपऱ्यावरून सुरू होऊन पलीकडच्या बाजूला त्याच पातळीत बाहेर पडणारी रेष दिसली तर ती आरपार गेलेली चीर आहे असंच धरा.

मग आवाज. दगड जमिनीत रुतलेला किंवा मातीवर पूर्ण टेकलेला असताना वाजवून काही कळत नाही, चांगला दगडही बद्द बोलतो. पहारीने उचलून खाली दोन लहान दगडांचे टेकू द्या, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण चौथाईवर. तिथे दगडाचं कंपन कमी असतं, त्यामुळे टेकू आवाज दाबत नाहीत. आता लहान हातोड्याने ठोका. खणखणीत, जरा वेळ टिकणारा सूर आला तर उत्तम. ‘ठप्प’ किंवा फाटका, दुहेरी आवाज आला तर आत चीर आहे. एकाच जागी ठोकून थांबू नका, दर हातभर अंतरावर सगळीकडे ठोका. अर्ध्या भागात सूर आणि उरलेल्या अर्ध्यात बद्द असेल तर चीर मध्ये कुठेतरी आहे, आणि ती रेषा खडूने आखता येते. ओला दगड कोरड्यापेक्षा कमी वाजतो, म्हणून ही कसोटी पाणी टाकण्याआधी करायची. शिल्पशास्त्राच्या परंपरेत आवाजावरून शिळेचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे प्रकार करतात आणि मूर्तीसाठी न वाजणारी शिळा वर्ज्य मानतात. त्यामागचा अनुभव आजही तितकाच खरा आहे. एक मर्यादा लक्षात ठेवा: पाचेक किलोच्या आतला दगड आणि अगदी गोल गोटा यांचा आवाज फसवतो.

आता पाणी. उन्हात तापून कोरडा झालेला दगड घ्या, एका बाजूवर दीड-दोन लिटर पाणी हळूहळू ओता आणि वाळताना बघत राहा. पृष्ठभाग काही मिनिटांत सुकतो, भेगेत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि भेग गडद रेषेसारखी उठून दिसते. त्या रेषेवर तेव्हाच खडू फिरवा, कारण तीही पाच-दहा मिनिटांत नाहीशी होते. मग दगड उलटून दुसरी बाजू. घाईत लोक वरची बाजू पाहतात आणि बुड सोडतात. बैठकीत निघालेली चीर मूर्तीच उभी राहू देत नाही.

रेष दिसली म्हणजे दगड बाद असं नाही. काही रेषा भरलेल्या शिरा असतात. लिंबू पिळून पाहा: बुडबुडे आले तर ती कॅल्साइटची, मऊ शीर, काही झालं नाही आणि खिळ्याने ओरखडाही उमटला नाही तर गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, कठीण. कॅल्साइटची शीर दगड फोडते, गारेची शीर छिन्नी उडवते. बारीक असेल आणि मूर्तीच्या पाठीत जात असेल तर दोन्ही चालवून घेता येतात, चेहऱ्यात जात असेल तर नाही.

पुढे ताजा तुकडा. मूर्तीत न येणाऱ्या कोपऱ्यावरून मुठीएवढा तुकडा उडवा. चांगल्या बेसाल्टचा ताजा भाग काळा किंवा निळसर-करडा, बारीक कणांचा, जवळजवळ कुठेही छिद्र नसलेला असतो आणि कडा धारदार निघतात. बाहेरची तपकिरी साल किती जाड आहे ते मोजा. अर्धा-एक सेंटिमीटर असेल तर हरकत नाही, काम करताना ती निघूनच जाते. तीन सेंटिमीटर किंवा जास्त असेल, किंवा साल एकीकडे आत घुसलेली असेल, तर त्या बाजूने भेग आहे आणि पाणी आत गेलं आहे. खिळ्याने ओरखडा ओढा: घट्ट दगडावर खिळ्याचीच करडी रेष उमटते, कुजलेल्यावर तपकिरी भुकटी निघते. ताज्या भागावर पाण्याचा थेंब टाका: तो तसाच बसून राहिला पाहिजे, काही सेकंदांत मुरला तर दगड सच्छिद्र आहे. शेवटी त्यावर तोंडाने गरम श्वास सोडून लगेच वास घ्या. स्पष्ट मातकट वास आला तर आत चिकणमातीची खनिजं तयार झाली आहेत, म्हणजे कुजणं सुरू आहे.

पांढरे, हिरवट, गुलाबी खडे ही बेसाल्टची जुनी खोड. निवताना राहिलेल्या बुडबुड्यांत पुढे जिओलाइट, कॅल्साइट, गार भरत गेली. संग्राहकांना ते आवडतात, शिल्पकाराला नाही. जिओलाइट आणि कॅल्साइट दगडापेक्षा मऊ, निघून जातात आणि खड्डा राहतो. गार दगडापेक्षा कठीण, तिच्यावर छिन्नी घसरते आणि शेजारचा दगड तुटतो. तळहाताएवढ्या ताज्या भागात ज्वारीच्या दाण्याएवढे दोन-चार खडे दिसले तर मोठ्या आकाराच्या कामाला चालेल. त्याहून जास्त असतील, किंवा खड्यांभोवती हिरवं कडं असेल, तर बारीक कामाचा विचार सोडा.

सर्वांत फसवा दगड मात्र वेगळाच. काही बेसाल्टमध्ये काचेसारखा भाग आणि फुगणारी मातीची खनिजं आत दडलेली असतात. जमिनीतून काढला तेव्हा हा दगड खणखणीत असतो, वरच्या बहुतेक कसोट्या पार करतो आणि उघड्यावर ऊन-पाणी खाल्ल्यावर काही महिन्यांत तडकून त्याचा चुरा होतो. म्हणून नुकत्याच खोदलेल्या ढिगातला दगड एक पूर्ण पावसाळा उघड्यावर ठेवल्याशिवाय त्याच्यावर मेहनत घालू नका. थांबायचं नसेल तर घरी ही चाचणी करा: तीन-चार सेंटिमीटरचे सहा तुकडे घ्या, एक कोरडा बाजूला ठेवा, बाकीचे रात्री पाण्यात आणि दिवसा कडक उन्हात, असं दहा वेळा. भांड्याच्या तळाशी भुकटी साचली, कोपरे सुटले, बारीक जाळीसारखे तडे आले तर तो दगड नको. त्याचबरोबर पाणी किती पितो तेही मोजून घ्या: पूर्ण वाळलेला तुकडा तोला, 24 तास पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. 400 ग्रॅमचा तुकडा 404 ग्रॅमच्या आत राहिला, म्हणजे एक टक्क्याहून कमी पाणी प्यायला, तर चांगला. दोन टक्क्यांच्या वर गेला तर उघड्यावर ठेवायच्या मूर्तीला घेऊ नका.

वणव्यात सापडलेला, चुलीला किंवा वीटभट्टीला लावलेला दगडही सोडा. उष्णतेने वरचा थर सुटा झालेला असतो. एका अंगाला तांबूस-काळवंडलेला आणि बशीसारख्या ढलप्या निघालेल्या दिसल्या की समजायचं.

माप

मूर्तीचं माप ठरवून निघा. पुठ्ठ्याचे दोन छाट कापा, एक समोरचा आणि एक बाजूचा, खऱ्या मापात. ते दगडाला लावून पाहिले की आकार बसतो का ते लगेच कळतं. प्रत्येक बाजूला दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचा दगड हवा, साल जाड असेल तर तेवढा आणखी, आणि बैठकीसाठी खाली 10 ते 15 सेंटिमीटर. बेसाल्ट काढून टाकायला फार वेळ लागतो, म्हणून ज्याचा नैसर्गिक आकार मूर्तीच्या जवळ जातो तो दगड थोडा लहान असला तरी मोठ्या चौकोनी धोंड्यापेक्षा फायद्याचा.

वजन अंदाजाने धरू नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, 1000 ने भागा, आकारासाठी 0.65 ने गुणा (चौकोनी असेल तर 0.8 ने, अंडाकृती असेल तर 0.55 ने) आणि शेवटी 2.9 ने गुणा. 50 × 35 × 30 चा ओबडधोबड धोंडा म्हणजे जवळजवळ 100 किलो. दिसायला तो मांडीएवढा असतो आणि म्हणूनच पाठी जातात. पहिल्यांदा काळ्या दगडात काम करणाऱ्याने 15-20 किलोच्या पुढे जाऊ नये.

काढणं आणि फोडणं

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला. गवत वाळलेलं असतं, जमीन घट्ट असते, ऊन सोसवतं. हातमोजे, जाड बूट, डोळ्यांना गॉगल. छिन्नीच्या डोक्याला फुलासारखी कडा फुटली असेल तर ती आधी ग्राइंडरने घासून घ्या, ठोकताना तीच तुकडा होऊन उडते.

दगडाखाली फुरसं किंवा विंचू असतो हे गृहीत धरूनच काम करा. कोकणात आणि घाटमाथ्याच्या कातळावर तर नक्कीच. हात खाली घालायचा नाही. पहारीने दगडाची पलीकडची कड उचलून दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे जे निघेल ते पलीकडे जाईल आणि मध्ये दगड राहील. फुरसं चावलं तर आवळपट्टी नाही, जखमेवर काप देणं नाही. माणसाला शांत ठेवून थेट सरकारी रुग्णालय, 108 ला फोन. लाल विंचू चावून घाम, उलटी, छातीत धडधड सुरू झाली तरी तेच, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेत पोचलेला रुग्ण बहुधा वाचतो. आणि ठोकायला सुरुवात करण्यापूर्वी मान वर करून कडा आणि झाडं बघा. आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडा.

दगड उचलताना पाच फुटी पहार, जवळ टेकू, थोडं उचललं की लगेच खाली दगडाची भर. पुन्हा थोडं, पुन्हा भर. पहारीच्या आधारावर तोललेल्या दगडाखाली बोटसुद्धा जाता कामा नये.

मोठा धोंडा दोन करायचा असेल तर आधी बघा, खडूने आखलेली एखादी चीर सोयीची आहे का. असेल तर तिथेच छिन्नी लावून फोडा. दोन निर्दोष लहान दगड एका शंकास्पद मोठ्या दगडापेक्षा कितीतरी बरे. चीर नसेल तर पाचर आणि तिच्या दोन पट्ट्या वापरा. पट्ट्यांच्या मापाची छिद्रं एका सरळ रेषेत, 10 ते 12 सेंटिमीटर अंतराने, पाचरीच्या लांबीपेक्षा दोन सेंटिमीटर खोल (तळाशी भुकटी साचते म्हणून). पट्ट्या छिद्राच्या दोन बाजूंना अशा बसवा की पाचर फाकेल ती रेषेला काटकोनात. मग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत प्रत्येकीवर एकेक ठोका, परत पहिल्यापासून. आवाज चढत जातो. चढला की पाच-दहा मिनिटं थांबा, दगड स्वतःच्या गतीने उलतो. घाई करून एकाच पाचरीवर घाव घातले तर भेग रेषा सोडून बाहेर पळते. बेसाल्टला ग्रॅनाइटसारखी ठरलेली फुटण्याची दिशा नसते, त्यामुळे रेष पूर्ण वळसा घालून बाजूंवरही आखावी आणि छिन्नीने तिच्यावर खाच पाडावी. ड्रिल करताना पाणी सोडा आणि आयएस 9473 छाप असलेला धुळीचा मास्क लावा. बेसाल्टात गार कमी असली तरी खड्यांत ती असतेच, आणि ती धूळ फुप्फुसातून परत बाहेर येत नाही. रुमाल बांधून उपयोग नाही.

नेणं

25 किलोच्या वरचं एकट्याने उचलू नका. सपाटीवर दोन फळ्या आणि दोन फूट लांबीचे तीन-चार लोखंडी पाइप खाली सरकवत नेलं की दोन माणसं 150 किलो सहज नेतात. उतारावर दगड मोकळा सोडायचा नाही. दोर बांधून वरून धरायचा आणि खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. गाडीत चढवताना फळी निदान दोन मीटर लांब घ्या, आखूड फळीचा चढ जास्त होतो आणि दगड मागे येतो. छोटा हत्ती बोलावला असेल तर दगडाखाली जुने टायर, चारही बाजूंना लाकडाच्या पाचरी आणि पट्टा. नुसत्या पत्र्यावर ठेवलेला दगड पहिल्याच खड्ड्यात उडी मारतो आणि नेमका कोपरा जातो. घरच्या मोटारीत नेणार असाल तर मागच्या सीटच्या पुढ्यात, खाली पायाशी ठेवा. डिकीच्या टोकाला ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात.

मूळ जागेवर दगडाची कुठली बाजू वर होती ते खडूने लिहून ठेवा. वरची बाजू जास्त ऊन-पाणी खाल्लेली असते, साल तिकडे जाड निघते. चेहरा शक्यतो खालच्या बाजूकडून घ्यावा.

घरी आल्यावर

दगड धुऊन आठवडाभर सावलीत लाकडी ओंडक्यांवर ठेवा. मग आवाज आणि पाणी या दोन्ही कसोट्या पुन्हा. प्रवासात नवीन चीर पडते, जुनी रुंदावते. आखलेल्या चिरा आता न पुसणाऱ्या पेन्सिलने पक्क्या करा आणि पुठ्ठ्याचा छाट त्यांच्यावर ठेवून मूर्ती फिरवून बघा. कधीकधी 20 अंश वळवलं की चीर पूर्णपणे काढून टाकायच्या भागात जाते. जी चीर मूर्तीतून जातेच आहे, तिच्यावर कामाला लागण्यापूर्वी दोन किलोच्या हातोड्याने दोन-तीन ठाम घाव घाला. फुटणार असेल तर आज फुटू दे. इपॉक्सी भरून पुढे जायचा मोह होतो, पण काळ्या दगडात सांधा कायम दिसतो, आणि उन्हात तापणाऱ्या दगडात तो किती टिकेल याचा भरवसा नसतो.

जांभ्याबद्दल

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथे काळ्या दगडाऐवजी जांभा हाताशी असतो. तो गोळा करण्यापेक्षा चिरेखाणीतून चिरा किंवा मोठा ठोकळा मागून घेणं सोपं. ताजा कापलेला जांभा मऊ असतो, हवा-उन्हाने कडक होत जातो, म्हणून कोरीव काम आणल्यापासून लवकर सुरू करावं. त्याला छिद्रं असणारच. ठसठशीत उठाव, मोठे आकार यांना तो शोभतो, बारीक नक्षीला नाही. ताज्या भागात पिवळ्या-पांढऱ्या मातीचे गोळे जास्त दिसले तर घेऊ नका, पावसात ते धुऊन जातात. आणि सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, जांभा कधीही उचलू नका, खरवडू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथली माहीत झालेली आहेत, पण माती आणि गवताखाली झाकलेली अजूनही सापडतात. पायाखाली सरळ किंवा वळणदार खोदलेली रेष लागली तर हत्यारं बाजूला ठेवा, फोटो आणि जागेची नोंद घ्या आणि पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवा.